बारा गड, एक वर्ष

नवी दिनदर्शिका भिंतीवर लागली की घरातले सगळे आधी लाल तारखा शोधतात. कोणती सुट्टी रविवारी येऊन वाया गेली, कोणती सोमवारला जोडून आली, याचा हिशेब होतो आणि मग बेत ठरू लागतात. यंदा काश्मीर करायचेच, यंदा अंदमान नक्की, यंदा मुलांना सगळे किल्ले दाखवायचे. दिवाळी येते तेव्हा यातले बहुतेक बेत जिथल्या तिथे असतात. आपण आळसाला बोल लावतो आणि पुढच्या जानेवारीत तोच संकल्प पुन्हा सोडतो. खरे पाहता ठिकाण तेवढे ठरलेले असते. महिना, सोबतीची माणसे आणि पैसा यांतले काहीच ठरलेले नसते.

हे नीट समजण्यासाठी आपल्या जवळचेच उदाहरण घेऊ. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची जागतिक वारसा यादीत नोंद केली. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे अकरा महाराष्ट्रातले. बारावा तमिळनाडूतला जिंजी. ही नावे वाचली की कोणाच्याही मनात येईल, ‘वर्षाचे महिने बारा, गडही बारा. दर महिन्याला एक!’ कागदावर हिशेब चोख बसतो. तो जमिनीवर बसतो का, ते पाहू.

पहिली अडचण ऋतूंची. खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे तिन्ही पाण्यातले किल्ले. मेअखेरीस समुद्र खवळू लागला की होड्या बंद होतात आणि साधारण ऑगस्ट संपेपर्यंत बंदच राहतात. साल्हेर हा महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला, १,५६७ मीटर उंचीचा. पावसाळ्यात त्याची किंवा राजगडाची वाट निसरडी होते आणि वर पोहोचल्यावर धुक्यात दहा पावलांपुढचे दिसत नाही. एप्रिल-मेमध्ये सावलीच नसलेली चढण भर उन्हात चढणे लहान मुलांना आणि वयस्कांना झेपत नाही. म्हणजे मोठ्या चढणीच्या गडांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने खरे सोयीचे. त्यातही मुलांच्या परीक्षा, लग्नसराई आणि कचेरीतली रजा यांतून मोकळे शनिवार-रविवार काढायचे. बारा महिन्यांचे वर्ष पाहता पाहता सात-आठ आठवडाअखेरींचे होते.

दुसरी अडचण अंतराची. साल्हेर नाशिक जिल्ह्याच्या उत्तर टोकाला बागलाणात, तर सिंधुदुर्ग पार दक्षिणेला मालवणात. जिंजीला जायचे तर चेन्नई किंवा पुदुच्चेरी गाठायला हवी. पुदुच्चेरीपासून पुढे साधारण ७० किलोमीटर. पुणेकराला लोहगड एका दिवसात होतो. सकाळच्या लोकलने मळवलीला उतरायचे आणि पायी निघायचे. नागपूरच्या माणसाला मात्र हाच लोहगड दोन रात्रींच्या प्रवासाचा पडतो. त्यामुळे दुसऱ्याने केलेली यादी आपल्याला जशीच्या तशी लागू पडत नाही. अंतर स्वतःच्या उंबरठ्यापासून मोजायला हवे.

आता हेच बारा गड जोड्या लावून मांडा. विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग एकाच जिल्ह्यात आहेत. मालवणात मुक्काम केला तर तीन दिवसांत दोन्ही निवांत होतात. महाड-पोलादपूरच्या बाजूने रायगड आणि प्रतापगड दोन दिवसांत जमतात. पन्हाळा कोल्हापूरच्या अंबाबाईच्या दर्शनाला जोडता येतो. शिवनेरी आणि जुन्नरजवळची लेणी एकत्र पाहता येतात. साल्हेर आणि राजगड यांना स्वतंत्र वेळ द्यायला हवा. खांदेरीसाठी थळच्या बाजूला होडीची चौकशी आधीच करून ठेवावी. अशा मांडणीत सामान्य नोकरदार कुटुंबाला वर्षाला चार गड सहज झेपतात. बारा गडांना तीन वर्षे लागतील. संकल्प लहान झाला असे वाटेल, पण तो पार पडण्याजोगा झाला.

वर्षाला चारच गड करायचे, तर ते कोणते? इथे मी एक कसोटी सुचवेन. सोबत कोण येणार हे आधी ठरवा आणि सर्वांत कमी वेळ ज्याच्या हाती आहे, त्याचा गड आधी घ्या. ‘एकदा आईला रायगड दाखवायचा आहे,’ असे म्हणणारी माणसे घरोघरी आहेत. गड कित्येक शतके उभे आहेत. आणखी चार वर्षे थांबतील. आईचे गुडघे थांबणार नाहीत. रायगडावर रोपवे आहे, पन्हाळ्यावर गाडी थेट वर जाते. हे दोन पहिल्या वर्षी घ्यावेत. मात्र रोपवेने वर पोहोचले तरी बाजारपेठ आणि जगदीश्वराच्या मंदिरापर्यंतचे चालणे राहतेच, याचा विचार निघण्यापूर्वी करावा. धाकटा मुलगा पाच वर्षांचा असेल तर राजगड आणखी काही वर्षांनी केला म्हणून बिघडत नाही. तेव्हा तो स्वतःच्या पायांनी चढेल.

प्रवास पार पडणे वेगळे आणि त्यातून काही हाती लागणे वेगळे. दोन तासांत मेघडंबरीसमोर छायाचित्र काढून परत फिरले तरी यादीवर खूण होते. पण घरी आल्यावर सांगण्यासारखे काय उरते? म्हणून गडांच्या संख्येबरोबर वर्षासाठी एक प्रश्नही ठरवावा. उदाहरणार्थ, या गडावर पाणी कुठून येत होते? एवढा एक प्रश्न घेऊन गेलात तरी पाहण्याची तऱ्हा बदलते. शिवनेरीवर गंगा-जमुना नावाची खडकात कोरलेली टाकी भेटतात. रायगडावर गंगासागर तलाव दिसतो. सिंधुदुर्ग तर चारही बाजूंनी खाऱ्या पाण्याने वेढलेला, पण आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरींना गोडे पाणी. तटाइतकाच या पाण्यावरही गड तगत होता, हे दहा वर्षांच्या मुलालाही तिथे उभे राहून कळते. मुघलांच्या वेढ्यात जिंजी १६९८ पर्यंत कशी टिकली, हा प्रश्न मग त्यालाच पडतो. कोणी दरवाजांच्या रचनेचा प्रश्न घेईल, कोणी गडाखालच्या गावांचा. प्रश्न आपल्या आवडीचा असला म्हणजे झाले.

उरला पैसा आणि तारीख. चौघांच्या मालवण सहलीला समजा पंधरा हजार रुपये लागणार असतील, तर दरमहा दीड हजार बाजूला टाकले की दहा महिन्यांत ते जमतात आणि सहलीचा भार एकाच पगारावर पडत नाही. रेल्वेचे आगाऊ आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी मिळत असे. नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत ६० दिवसांची झाली. म्हणजे २५ डिसेंबरची कोकण रेल्वेची गाडी हवी असेल तर २६ ऑक्टोबरला सकाळीच जागे व्हायला हवे. नाताळच्या सुट्टीत त्या गाड्या किती लवकर भरतात, हे कोकणात जाणाऱ्यांना सांगायला नको. शिवाय प्रत्येक बेताला एक पर्याय जवळ ठेवावा. समुद्र खवळलेला असेल आणि होडी सुटत नसेल, तर विजयदुर्ग जमिनीवरून पाहता येतोच.

किल्ल्यांची आवड नसेल त्यांनाही हाच हिशेब लागू आहे. कासचे पठार पाहायचे तर सप्टेंबर हवा. दिवाळीच्या सुट्टीत तिथे फुलांचा बहर ओसरलेला असतो. अजिंठ्याला सोमवारी सुट्टी, वेरूळला मंगळवारी. ही एवढी गोष्ट ठाऊक नसल्याने लांबून आलेल्यांचा अख्खा दिवस जातो. ताडोबाच्या गाभा क्षेत्रातली सफारी पावसाळ्यात बंद असते.

तेव्हा यंदा एवढेच करा. घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवा, चार ठिकाणे निवडा आणि दिनदर्शिकेवर चार तारखांभोवती गोल काढा. मग त्यातल्या प्रत्येक तारखेच्या साठ दिवस मागे जाऊन एक लहानशी फुली मारा. प्रवासाची सुरुवात त्या फुलीच्या दिवशी होते.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)