उथळ पाण्यात होडीच्या पंख्याची काळजी व दुरुस्ती

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील विष्णुपुरी, बारूळ, लिंबोटी, तिरू यांसारख्या जलाशयांचे पाणी फाल्गुन-चैत्रात झपाट्याने उतरते. २०१६ साली तर मांजरा धरण कोरडे पडून लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पाणी कमी झाले की मासे डोहात गोळा होतात आणि मासेमारीला जोर येतो. परंतु याच काळात काळा खडक, जुने दगडी बांध, विहिरींचे कठडे व झाडांची खोडे पाण्याखाली वीतभर अंतरावर येतात. मोटर लावलेल्या होडीचा पंखा त्यांवर आदळला तर ऐन हंगामात होडी काठाला लागते. सायंकाळी वारा सुटलेला असताना मधल्या पाण्यात पंखा निकामी झाला, तर जिवावरही बेतू शकते.

नुकसान कसे होते?

पंख्याचे पाते थोडे वाकले किंवा त्याची कड तुटली तरी त्याचा तोल जातो. होडी थरथरते, वेग घटतो, इंधन जास्त लागते आणि दांड्याचे बेअरिंग व ऑइल सील लवकर झिजतात. जाळ्याचा नायलॉन दोरा दांड्याला गुंडाळला गेल्यास तो सील कापतो व गिअर ऑइलमध्ये पाणी शिरते. असे ऑइल दुधासारखे पांढरट दिसते.

लहान मोटरीत पंखा व दांडा यांना जोडणारी एक मऊ धातूची पिन असते. धडक बसताच ही पिन तुटावी आणि गिअर वाचावेत, अशीच तिची योजना असते. तिच्या जागी खिळा किंवा पोलादी बोल्ट कधीही घालू नये. तसे केल्यास काही रुपयांची पिन वाचते, पण गिअर तुटतात. मोठ्या मोटरीत पिनेऐवजी रबरी बुश असतो. तो घसरू लागला की इंजिन जोरात फिरते, पण होडी पुढे सरकत नाही.

तपासणी व दुरुस्ती

१. प्रथम इंजिन बंद करून स्पार्क प्लगची वायर काढावी. त्याशिवाय पंख्याला हात लावू नये.

२. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा. पात्याच्या टोकाजवळ एक काडी स्थिर धरून पंखा हाताने फिरवावा. प्रत्येक पात्याचे काडीपासूनचे अंतर सारखे नसेल तर पाते वाकले आहे असे समजावे.

३. कडेचे लहान खाचे बारीक कानशीने घासून गुळगुळीत करावेत. गरजेपेक्षा जास्त धातू काढू नये.

४. ॲल्युमिनियमचे पाते ठोकून सरळ करताना तडकण्याची शक्यता असते. पाते जास्त वाकले किंवा तुकडा उडाला असल्यास आर्गॉन वेल्डिंग करणाऱ्या कुशल कारागिराकडे द्यावे व नंतर पंख्याचा तोल तपासून घ्यावा. पात्याच्या बुडाशी तडा असेल तर पंखा बदलणेच योग्य.

५. पंखा परत बसवताना दांड्याला ग्रीस लावावे, वॉशर जागेवर आहेत याची खात्री करावी आणि स्प्लिट पिन नवीनच घालावी.

नुकसान टाळण्यासाठी

पाणी उतरल्यावर उघडे पडणारे खडक हेरून ठेवावेत व त्यांना लांब दोरीने रिकामे कॅन बांधावेत, म्हणजे पाणी वाढल्यावरही खूण दिसते. उथळ भागात वेग कमी ठेवावा, एका माणसाने पुढे बसून बांबूने खोली पाहावी. मोटर वर उचलली जाऊ न देणारी अडकवणी पुढे जाताना सोडून ठेवावी, म्हणजे धडक बसताच मोटर आपोआप वर उचलली जाते. मागे जाताना ही सोय नसते, म्हणून खडकाळ जागी होडी मोटरीने मागे घेऊ नये. मोटर थोडी वर उचलून चालवायची असल्यास थंड पाणी ओढणारे छिद्र पाण्याखालीच राहील हे पाहावे, अन्यथा इंजिन तापते. पाणी गुडघाभर राहिले की मोटर बंद करून वल्हे मारावे.

होडीत दोन जादा पिना, पक्कड, पाना, वल्ही आणि प्रत्येकासाठी जीवरक्षक जाकीट नेहमी ठेवावे. मोटर बंद पडली तरी घरी परतता येईल, एवढी तयारी करूनच पाण्यात उतरावे.