हिरवा त्रिकोण काय सांगत नाही

सोयाबीन फुलोऱ्यात आले, पावसाने उघडीप दिली, की रेणापूरच्या कृषी सेवा केंद्रांत गर्दी होते. अळीवर काय चालते, एका पंपाला किती घालायचे आणि बाटली केवढ्याला, एवढे विचारून गिऱ्हाईक निघते. लेबलवर टोकावर उभा केलेला एक चौकोन असतो. त्यातला फार तर रंग बघितला जातो. लाल असेल तर जरा जपून, हिरवा असेल तर “हे साधे आहे, काही होत नाही.”

होते. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनी विषारीपणाच्या चार पायऱ्या ठरवल्या आहेत. चौकोनाच्या खालच्या त्रिकोणात लाल रंग म्हणजे अतिजहाल, पिवळा म्हणजे जहाल, निळा मध्यम विषारी आणि हिरवा किंचित विषारी. बिनविषारी अशी पायरीच त्यात नाही. लाल लेबलवर कवटी आणि हाडे असतात. पिवळ्यावर ती नसतात, पण विष असल्याची सूचना तिथेही लाल अक्षरांत द्यावी लागते. कवटी दिसत नाही म्हणून पिवळी बाटली निर्धास्तपणे हाताळणारे बरेच आहेत.

रंग ठरतो तो एलडी-५० या आकड्यावरून. प्रयोगातल्या प्राण्यांपैकी निम्मे मरायला त्यांच्या वजनाच्या दर किलोमागे किती मिलिग्रॅम पदार्थ एका वेळी पोटात जावा लागतो, ते हा आकडा सांगतो. म्हणजे आकडा जितका लहान, तितके विष जहाल. तोंडावाटे १ ते ५० असेल तर लाल, ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५००० निळा आणि त्यापुढे हिरवा. मोठा आकडा म्हणजे कडक विष असे धरून वाचणाऱ्याचा सगळा तक्ताच उलटा होतो.

आणि हा आकडा एकाच प्रश्नाचे उत्तर देतो: एकदाच शरीरात गेले तर काय होईल? दर हंगामात, वर्षानुवर्षे हाताळले तर काय, पोटातल्या बाळाचे काय, मधमाश्यांचे आणि ओढ्यातल्या माशांचे काय, यावर रंग गप्प असतो. मॅन्कोझेबचेच पाहा. द्राक्षबागांपासून भाजीपाल्यापर्यंत सर्रास वापरले जाणारे हे बुरशीनाशक. एलडी-५० ५००० च्या वर, म्हणून हिरव्या गटातले. युरोपीय संघाने मात्र २०२० मध्ये त्याची परवानगी पुढे चालू ठेवायला नकार दिला. प्रजननावर होणारा परिणाम आणि शरीरातल्या संप्रेरकांच्या कामात येणारा बिघाड ही त्यामागची कारणे होती.

तोंडात गेले तरच बाधते, हा समज तर याहून घातक. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० च्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जणांना दवाखान्यात दाखल करावे लागले. कपाशी माणसाच्या उंचीएवढी वाढलेली, घामाने भिजलेले अंग, पंपात दोन-तीन औषधांची सरमिसळ आणि तोंडाला जेमतेम रुमाल. विष कातडीतून आणि श्वासातून आत गेले. सरकारने नंतर पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर त्या भागात तात्पुरती बंदी घातली. त्यांत मोनोक्रोटोफॉस होते, प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिन यांचे मिश्रणही होते. ओला झालेला रुमाल फवारा अडवत नाही, उलट नाकाशी धरून ठेवतो. हातमोजे आणि मास्क आणून देणे हे शेतमालकाचे काम आहे. सालगड्याला “जपून रे” एवढे सांगून ते होत नाही.

शेतातून कारखान्यात कामाला गेलेल्या माणसाची आणखी एक गफलत होऊ शकते. रासायनिक टाक्यांवर आणि सुरक्षा माहितीपत्रकांत चार खणांचा अमेरिकी पद्धतीचा चौकोन दिसतो. त्यात लाल खण विषाचा नसून आगीचा, निळा आरोग्याचा, पिवळा पदार्थ अस्थिर होण्याचा. या तिन्हींत ० ते ४ आकडे, आणि ४ सर्वांत वाईट. साखर कारखान्यात उसाचा रस पांढरा करण्यासाठी गंधक जाळून सल्फर डायऑक्साइड तयार करतात. त्याच्या लाल खणात ० असतो आणि निळ्यात ३. बाटलीवरचा रंग डोक्यात ठेवून जो लाल खणातले शून्य वाचेल, त्याला फुप्फुसे जाळणारा वायू निरुपद्रवी वाटेल. संयुक्त राष्ट्रांच्या वर्गीकरणात तर क्रमच उलटा आहे: तिथे १ हा वर्ग सर्वांत धोकादायक. त्यामुळे नुसता ‘१’ ऐकून काहीच कळत नाही, कोणत्या पद्धतीतला ते विचारावे लागते.

बाधा झालीच तर “कुठले तरी फवारणीचे औषध होते” एवढ्यावर डॉक्टरांचे अडते. ऑरगॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांवर ॲट्रोपिन हा उतारा देतात. पॅराक्वाट या तणनाशकावर उतारा नाही, आणि त्यात गरज नसताना दिलेला ऑक्सिजन फुप्फुसांची हानी वाढवतो. घटकाचे नाव आणि उपचाराची सूचना लेबलवर आणि सोबतच्या माहितीपत्रकात छापलेली असते. त्यामुळे रोग्याला लातूरला नेताना गाडीत ती बाटलीही असली पाहिजे, लेबल न फाडलेली.