गुणपत्रिकेतील मराठी

मॉरिशसमधील मराठी घरातील मूल सहावीच्या वर्गात गेले की आईबापांपुढे एक प्रश्न हटकून उभा राही. मराठीच्या तासाचा वेळ गणिताला दिला तर अधिक हित होणार नाही काय? नामांकित माध्यमिक शाळेतील प्रवेश सी.पी.ई. परीक्षेच्या क्रमांकावर ठरे आणि विद्यापीठाची वाट तेथूनच निघे. ज्यांचे पूर्वज करारबद्ध मजूर म्हणून उसाच्या मळ्यात राबले, त्यांना त्या वाटेचे मोल सांगावे लागत नसे. आणि त्या क्रमांकात मराठीचे गुण धरले जात नसत.

1995 साली सरकारने हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू, मराठी इत्यादी प्राच्य भाषांचे गुण क्रमांकासाठी धरण्याचे ठरविले. ज्या मुलांनी अशी भाषा घेतली नव्हती त्यांच्या पालकांनी न्यायालयात दाद मागितली व सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. पुढे घटनादुरुस्तीचा ठराव संसदेत फसला, डिसेंबरात निवडणूक झाली आणि मॉरिशस बेटावरील साठही जागा विरोधी आघाडीने जिंकल्या. 1998 साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने मात्र ती योजना घटनाविरोधी नसल्याचा निर्वाळा दिला.

विरोध करणाऱ्यांची तक्रार अगदीच निराधार नव्हती. ज्यांच्या घरची भाषा शाळेत शिकविलीच जात नव्हती, त्यांच्या मुलांनी काय निवडावे? 2012 पासून क्रिओलही ऐच्छिक विषय म्हणून शिकविली जाऊ लागली, हे न्यायाचेच झाले. 2017 साली सी.पी.ई.ची जागा पी.एस.ए.सी. परीक्षेने घेतली. घराघरांतील प्रश्न मात्र मिटला नाही.

कारण गुण भाषेला प्रवेशद्वारापर्यंतच नेतात. माध्यमिक शाळेत विज्ञान, हिशेब, अर्थशास्त्र हे विषय समोर येतात आणि पुष्कळ मुले मराठी सोडून देतात. विद्यार्थी थोडे म्हणून वर्ग निघत नाही आणि वर्ग नाही म्हणून विद्यार्थी मिळत नाहीत. मोका येथे 1970 साली स्थापन झालेल्या महात्मा गांधी संस्थेत मराठीचे उच्च शिक्षण मिळते व शिक्षकही तयार होतात. परंतु तेथे जाण्यास आधी एच.एस.सी.पर्यंत मराठी शिकलेले विद्यार्थी हवेत. आज पंधराव्या वर्षी मराठी सोडणारी मुलगी म्हणजे कदाचित उद्याची एक न लाभलेली शिक्षिका होय. साखळीचा हा दुवा न्यायनिवाड्याने जोडता येत नाही.

बहुतेक घरांत आज क्रिओलच बोलली जाते. गणेशचतुर्थीला आरती तोंडपाठ म्हणणाऱ्या नातवाला तिचा अर्थ विचारला तर तो आजीकडे पाहतो, आणि कित्येकदा आजी देवाकडे पाहते! मराठी घेतल्याने मुलाचे किती गुण वाढतील, हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. तो विचारलाच पाहिजे. त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारला जावा: परीक्षा संपल्यानंतर या मुलाच्या हाती मराठीचे एखादे पुस्तक राहील काय? पहिल्याचे उत्तर शासन देईल. दुसऱ्याचे उत्तर घराने द्यावयाचे आहे.