पानातले धरण

पणतीतले तेल जळते आणि पोटातले अन्नही जळते. दोन्हींना प्राणवायू लागतो. मग आपल्या अंगातून ज्वाळा का निघत नाहीत? या प्रश्नाने पुष्कळ दिवस माझा पिच्छा पुरविला होता.

उत्तर असे, की पेशी अन्न एकदम जाळीत नाही, टप्प्याटप्प्याने जाळते. पण टप्प्याटप्प्याने सुटणारी ऊर्जा साठते कोठे? पीटर मिचेल या इंग्रज शास्त्रज्ञांनी १९६१ साली सांगितले, की ती जणू धरणात साठते! त्या ऊर्जेने हायड्रोजनचे विद्युतभारित कण एका पातळ पडद्यापलीकडे लोटले जातात. तिकडे त्यांची दाटी होते. मग कोयनेचे पाणी खाली येताना वीज देते, तसे हे कण परतताना ‘एटीपी’ हे रसायन घडवितात. पेशीची बहुतेक कामे त्याच्याच बळावर चालतात. हिरव्या पानातही असेच धरण असते. ते भरतो सूर्यप्रकाश.

पंडितांना हे पटेना. मिचेल यांनी कॉर्नवॉलमधील एका जुन्या वाड्यात स्वतःची प्रयोगशाळा थाटली आणि काम चालू ठेवले. अमेरिकेत १९६६ साली आंद्रे जॅगेनडॉर्फ व अर्नेस्ट उरीबे यांनी पालकाचे हरितकण आम्लात भिजविले आणि अंधारातच अल्कधर्मी द्रवात टाकले. प्रकाशाचा किरणही नसताना एटीपी तयार झाले! धरण भरले म्हणजे झाले. मग ते कोणी का भरलेले असेना. १९७८ साली मिचेल यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

मला नवल वाटते ते याचे, की ज्या पालकाची आपण भाजी करतो, त्याचा आणि आपला संसार एकाच युक्तीवर चालला आहे.