टाचण स्वतःच्या अभ्यासाचे

फ्लिप्ड क्लासरूममध्ये तास आणि गृहपाठ यांची अदलाबदल होते. विषयाची पहिली ओळख विद्यार्थी घरी चित्रफितीतून किंवा वाचनातून करून घेतो. वर्गातला वेळ उदाहरणे, चर्चा आणि शंकांसाठी मोकळा राहतो. हार्वर्डमध्ये एरिक मझूर १९९० च्या दशकातच भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तासाला एकमेकांशी वाद घालायला लावत होते. पद्धत गाजली ती पुढे. कोलोरॅडोतील वुडलँड पार्क हायस्कूलमधले रसायनशास्त्राचे शिक्षक जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स यांनी २००७ मध्ये आपले पाठ चित्रित करायला सुरुवात केली. हेतू साधा होता: ज्यांचे तास बुडतात त्यांची सोय व्हावी.

शिक्षक-प्रशिक्षणात या पद्धतीकडून आणखी एक अपेक्षा असते, ती म्हणजे छात्राध्यापकाला स्वतःचा अभ्यास स्वतः चालवता यावा. यालाच स्वनियमित अध्ययन म्हणतात. मानसशास्त्रज्ञ बॅरी झिमरमन यांनी त्याचे चक्र तीन टप्प्यांत मांडले: पूर्वविचार, कृती आणि आत्मपरीक्षण. काय साधायचे आणि कसे हे आधी ठरवायचे, अभ्यास चालू असताना आपली समज तपासत राहायची, शेवटी काय जमले नाही आणि का, ते पाहायचे. यातला ‘का’ पुढच्या पूर्वविचारात उतरतो. बीएड करणाऱ्याला हे चक्र अनोळखी नाही. पाठ टाचण, सराव पाठ आणि पाठानंतरची चर्चा हे तेच तीन टप्पे आहेत. गंमत अशी, की वर्गभर मुलांच्या तासाचे मिनिटामिनिटाचे नियोजन लिहून काढणारा छात्राध्यापक स्वतःच्या परीक्षेची तयारी पुष्कळदा आदल्या रात्री, दुसऱ्याच्या नोट्सवर करतो.

नुसता वर्ग उलटवून ही सवय मोडत नाही, कारण अशा वर्गाला स्वनियमन आधीच लागते. चित्रफीत एसटीत बसून दीडपट वेगाने पाहिली, सगळे सोपे वाटले आणि तासाला पहिल्याच प्रश्नावर गाडी अडली, असे सर्रास घडते. ऐकताना ओळखीचे वाटले म्हणजे समजले, असा भ्रम होतो. अशा वेळी प्राध्यापकांनी दया येऊन तोच भाग फळ्यावर पुन्हा समजावला, की पाहून येणाऱ्यांनाही पाहून येण्याचे कारण उरत नाही.

म्हणून चित्रफितीइतकाच तिच्यासोबतचा कागद महत्त्वाचा. समजा, घटक अपूर्णांकांच्या अध्यापनाचा आहे. आठ-दहा मिनिटांची फीत सुरू करण्यापूर्वी छात्राध्यापक लिहितो, ती केव्हा पाहणार आणि तिच्यातून काय शोधणार. मध्येच फीत थांबवून एक प्रश्न सोडवतो: एका मुलाने १/२ + १/३ = २/५ असे लिहिले; त्याच्या डोक्यात काय चालले असेल? शेवटी छोटी चाचणी असते, पण ती देण्याआधी आपल्याला पाचपैकी किती गुण पडतील याचा अंदाज नोंदवायचा. चार धरले आणि दोन मिळाले, तर ही तफावत त्याला कोणत्याही उपदेशापेक्षा जास्त शिकवते.

प्राध्यापक हे कागद तासाआधी चाळतात आणि तास त्यांतल्या चुकांवरच बांधतात. अंश आणि छेद वेगवेगळे मिळवणाऱ्या त्या मुलाची भूमिका एक छात्राध्यापक करतो, दुसरा त्याला कागदाच्या पट्ट्यांनी समजावतो, बाकीचे निरीक्षण नोंदवतात. तास संपताना प्रत्येकजण आपला अंदाज का चुकला ते दोन ओळींत लिहितो. ‘लक्ष नव्हते’ हे उत्तर चालत नाही. फीत न थांबवता पाहिली, पट्ट्या स्वतः कापून बघितल्या नाहीत, अशी बदलता येण्याजोगी कारणे लागतात.

प्राध्यापकांचे काम यात वाढते, आणि मोबाइल घरात एकच असेल तर छात्राध्यापकाचेही. छापील उतारा किंवा महाविद्यालयातच पाहण्याची सोय ठेवली तर फारसे बिघडत नाही. फितीपेक्षा तयारी करून येणे महत्त्वाचे आहे.

कागदाचा हा आधार मात्र कायम ठेवायचा नसतो. पहिल्या काही घटकांना प्रश्न प्राध्यापक देतात, पुढे ते छात्राध्यापकांनीच काढायचे, आणि शालेय आंतरवासितेला जाईपर्यंत कागद कोरा मिळतो: काय पाहायचे, कशाने तपासायचे, कुठे थांबायचे, हे ज्याचे त्याने भरायचे.