या पट्ट्याचा भूगोल कोण लिहिणार?

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांत पिंपरी ४७ एफ/१४ या शीटवर येते आणि चाकण ४७ एफ/१३ वर. १८ अंश ४५ मिनिटांचे अक्षवृत्त चाकणच्या दक्षिणेला अगदी लागून जाते. तिथे एक शीट संपते, दुसरी सुरू होते. भूगोलाच्या विद्यार्थ्याला पिंपरी ते चाकण हा औद्योगिक पट्टा अभ्यासायचा तर दोन्ही शीट टेबलावर जोडून पसराव्या लागतात. प्रमाण १:५०,०००, म्हणजे दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर. तपकिरी समोच्च रेषा, निळ्या पवना आणि इंद्रायणी, पिवळी शेती, लाल वस्ती. जुन्या आवृत्तीत निघोजे, महाळुंगे, खराबवाडी ही गावे म्हणजे पिवळ्या रानातले छोटे लाल ठिपके. आजच्या उपग्रह प्रतिमेत त्याच जागी कारखान्यांची पत्र्याची छपरे दिसतात, आणि त्यांच्यामध्ये अडकून पडलेली गावठाणे.

विद्यापीठात भूगोल शिकायला येणारी अनेक मुले याच ठिपक्यांतून येतात. पिंपरीचे महात्मा फुले महाविद्यालय, आकुर्डीचे प्रा. रामकृष्ण मोरे महाविद्यालय, राजगुरुनगरचे हुतात्मा राजगुरू महाविद्यालय यांच्या कला शाखेत बसणाऱ्या मुलांच्या घरी एकतर जमीन गेलेली असते, किंवा गावावरून आलेला बाप कंपनीत कंत्राटावर असतो. पट्ट्याचा भूगोल या मुलांच्या घरात घडला आहे. अभ्यासक्रमात मात्र तो पाहुण्यासारखा येतो.

विषयाची परंपरा लहान नाही. पुणे विद्यापीठ १९४९ साली सुरू झाले आणि गणेशखिंडीतल्या भूगोल विभागाने पुढे देशात नाव मिळवले. के. आर. दीक्षित यांचे भूरूपशास्त्रातले काम आणि महाराष्ट्राचा नकाशासंग्रह, विश्वास काळे यांचे नद्यांच्या प्राचीन पुरांवरचे संशोधन, जयमाला दिड्डी यांनी समिता गुप्तांबरोबर २००० साली पुण्यावर लिहिलेले पुस्तक, श्रीकांत कार्लेकरांची मराठीतली सातत्यपूर्ण ग्रंथरचना, ही नावे भूगोलाच्या वर्गात आजही घेतली जातात. त्याआधी सी. डी. देशपांडे यांनी मुंबईत या विषयाचा पाया घातला. त्यांचा जन्मदिवस, १४ जानेवारी, राज्यात भूगोल दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी महाविद्यालयांत भित्तिपत्रके लागतात, एखादे व्याख्यान होते. तेवढ्यावर भागू नये असे मला मनापासून वाटते.

मुले भूगोल का घेतात, याचे उत्तर सरळ आहे. बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोर एमपीएससी असते. सामान्य अध्ययनात भूगोल आहे, नोट्स मराठीत मिळतात, विषय ‘स्कोअरिंग’ आहे अशी ख्याती आहे. यात गैर काही नाही. पण स्पर्धा परीक्षेचा भूगोल पाठांतरावर चालतो आणि विद्यापीठाचा भूगोल पायांवर. जो विद्यार्थी तीन वर्षांत एकदाही प्रिझमॅटिक कंपास हातात धरून उन्हात उभा राहिला नाही, त्याने पदवी मिळवली असली तरी हा विषय केला असे म्हणता येणार नाही.

प्रात्यक्षिकांचे रूप गेल्या वीस वर्षांत पालटले. समतल फलक, डंपी लेव्हल, ट्रेसिंग पेपर यांच्या जोडीला जीपीएस आले, मग जीआयएस. २००५च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने आणि २०२१च्या भूस्थानिक मार्गदर्शक सूचनांनी नकाशे वापरण्यावरची बंधने सैल केली. इस्रोचे ‘भुवन’ आणि फुकट मिळणारे क्यूजीआयएस यांमुळे आज निमगावच्या मुलीलाही लॅपटॉपवर आपल्या गावाचा भूमी उपयोजन नकाशा करता येतो. त्यातून कामेही मिळतात: खासगी सर्वेक्षण कंपन्यांत, मालमत्ता कराच्या नोंदणीत, २०२० पासून गावठाणांची ड्रोनने मोजणी करणाऱ्या स्वामित्व योजनेत. प्राध्यापकीची वाट मात्र बिकट आहे. नेट-सेट होऊन वर्षानुवर्षे सीएचबीवर, तासांच्या हिशेबाने शिकवणारे लोक या विषयात मोठ्या संख्येने आहेत. क्षेत्र अभ्यासाला मुलांना घेऊन जाणारा माणूसच तात्पुरता असेल तर त्या अभ्यासाला सातत्य कुठून येणार?

आता वर्गात काय शिकवतात ते पाहू. औद्योगिक भूगोलात आल्फ्रेड वेबरचा १९०९चा सिद्धांत येतो. फळ्यावर त्रिकोण, एका कोनात कच्चा माल, दुसऱ्यात इंधन, तिसऱ्यात बाजारपेठ. उदाहरण जर्मनीतल्या ऱ्हूरचे. मुले त्रिकोण सुबक काढतात. पण पिंपरीत ना लोखंडाची खाण, ना कोळसा. तरी १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स इथे आली, कारण पुणे-मुंबई लोहमार्ग आणि रस्ता दाराशी होता, पाणी जवळ होते, जमीन मोकळी होती. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, मुंबईतली उद्योगांची गर्दी बाहेर काढण्याचे धोरण राज्याने घेतले आणि टेल्को, बजाज पट्ट्यात आल्या. भोसरीत त्यांना सुटे भाग पुरवणारी शेकडो लहान वर्कशॉप उभी राहिली. चाकणचे खरे कारण या वर्कशॉपमध्ये आहे. २००९ साली फोक्सवॅगन आणि मर्सिडीज चाकणला आल्या तेव्हा त्यांना कुशल फिटर, टर्नर आणि पुरवठादार तयार मिळाले. वेबरनेच सांगितलेले उद्योगांचे समूहीकरण शिकवायला याहून चांगला धडा भारतात फार ठिकाणी मिळणार नाही. तो बसने अर्ध्या तासावर आहे.

पाण्याचा धडा तर याहून मोलाचा. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पुण्यात सातशेच्या आसपास. एवढा फरक साठ-सत्तर किलोमीटरांत पडतो. मावळातल्या पवना धरणाचे पाणी नदीत सोडतात आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ते रावेतला उचलते. हेच पाणी बंद जलवाहिनीने आणायचे ठरले तेव्हा मावळातला शेतकरी रस्त्यावर आला, आणि ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मारले गेले. पर्जन्यछाया हा शब्द परीक्षेत दोन गुणांना येतो. त्या दोन गुणांच्या तळाशी तीन माणसांचे रक्त आहे, हे शिकवणाऱ्याने सांगायला हवे.

पूररेषेचेही तसेच. पाटबंधारे खात्याची निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतल्या पुराची. चिंचवडच्या मोरया गोसावी समाधी मंदिरापासून सांगवीपर्यंत पवनेच्या काठाने जीपीएस घेऊन चालावे. काठावरच्या माणसांना विचारून गेल्या पुराचे पाणी कोणत्या भिंतीपर्यंत आले होते ते टिपावे, आणि मग तो नकाशा खात्याच्या रेषेवर ठेवून पाहावा. हे काम पदवीचा विद्यार्थी करू शकतो. त्याला लागतात एक दिवस, चपला आणि बोलके तोंड.

असे काम या भूमीवर पूर्वी झालेले आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन यांनी आपल्या सहकाऱ्यांना घेऊन पवनेकाठच्या एका खेड्याची शेतन् शेत पाहणी केली आणि १९१७ साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. ते खेडे म्हणजे पिंपळे सौदागर. आज तिथे बहुमजली गृहसंकुले आहेत. मॅन शेतीचे रसायनशास्त्रज्ञ, भूगोलाचे नव्हेत. पण माती कोणती, विहिरी किती, कोणाची जमीन किती तुकड्यांत, कोणावर कर्ज किती, हे त्यांनी कुटुंबागणिक नोंदवले. १७७१ मध्ये सरासरी धारणा चाळीस एकर होती, १९१५ पर्यंत ती सात एकरांवर आली, हा त्यांचा निष्कर्ष पुढे देशभर उद्धृत झाला. पुढच्या काळात धनंजयराव गाडगीळांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेतून पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. तिचा पहिला भाग १९४५चा. एका खेड्याची आणि एका शहराची नोंद आपल्याजवळ आहे. त्यांच्यामध्ये उभा राहिलेला पट्टा मात्र तेवढ्या बारकाईने लिहिलेला नाही.

आणि हीच वेळ आहे. पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत १७ लाख २७ हजार होती. त्यानंतर जनगणनाच झालेली नाही. २०२१ची लांबली आणि आता १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरली आहे. म्हणजे चाकणच्या वाड्या सर्वांत वेगाने बदलल्या ती सोळा वर्षे शासकीय आकड्यांत कोरी आहेत. शेतकऱ्याने उरलेल्या दोन गुंठ्यांवर दहा-बारा खोल्या काढल्या, त्या खोल्यांत बिहार, उत्तर प्रदेश, मराठवाडा, विदर्भ इथली पोरे पाळ्यांप्रमाणे कॉट वाटून राहिली, गावच्या विहिरीचे पाणी बंद होऊन टँकर आला, या सगळ्याची घरागणिक नोंद कुठे असेल तर ती भूगोलाच्या मुलांनी केलेल्या ग्रामसर्वेक्षणाच्या वह्यांत. प्रश्नावली साधी असते: घरात माणसे किती, जमीन किती, पीक कोणते, भाडेकरू किती, पाणी कुठले. खाली गावाचा हाताने काढलेला आराखडा, त्यावर मारुतीचे देऊळ, शाळा, कंपनीचे गेट.

या वह्या तोंडी परीक्षेपुरत्या जगतात. गुण पडले की त्यांचा गठ्ठा होतो, काही वर्षांनी गठ्ठा रद्दीत जातो. मला हे सहन होत नाही. खर्चाची बाब नाही, फारशी जागाही लागत नाही. सर्वेक्षण एकाच नमुन्यात करावे, दर पाच वर्षांनी त्याच गावात परत जावे, माणसांची नावे वगळून माहिती संगणकात भरावी आणि एक प्रत महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, एक ग्रामपंचायतीत ठेवावी. विद्यापीठाच्या विभागाने या वह्यांचा साठा एका जागी करावा.

शिक्षकांना माझी विनंती आहे की या वर्षीच्या वह्या तरी रद्दीत देऊ नका. आणि ज्यांनी कधीकाळी भूगोल घेतला होता, त्यांनी दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर ती जुनी जर्नल सापडली तर महाविद्यालयात नेऊन द्यावी.