आत्याआजीची वही

मागच्या दिवाळीआधी माहेरी माळा आवरायला गेले होते. पत्र्याच्या ट्रंकेत जुन्या पातळांखाली एक लांबट वही निघाली. आत अक्षर म्हणून नाही, नुसत्या रेघोट्या! काही सरळ, काही वाकड्या, मधूनच एखादा ठिपका. वहिनी म्हणाली, "मोडी असेल." आईने तर वही हातात घ्यायलाच नकार दिला, तिला करणीचा संशय. मी मात्र चटकन ओळखलं. बारावीनंतर तालुक्याच्या क्लासात तीन महिने मी याच रेघोट्यांशी झगडले होते. पिटमनचं शॉर्टहँड! वहीच्या पुठ्ठ्यावर आत्याआजीचं माहेरचं नाव होतं आणि साल १९३४.

आत्याआजी म्हणजे आजोबांची धाकटी बहीण. नऊवारीतली, मितभाषी. रिकामी बसली की मांडीवर दहाही बोटं हलकेच आपटत राहायची. आम्हा मुलांना वाटायचं, जप चाललाय. आता कळतंय, ती टाईप करायची. एकदा न बघता टाईप करायची सवय लागली की बोटं विसरत नाहीत, हे ज्यांनी क्लास केलाय त्यांना सांगायला नको.

घरात तिची गोष्ट दोन वाक्यांत संपायची. "मुंबईला मामाकडे राहून टायपिंग शिकली. एका कंपनीत जागा मिळत होती, पण तिलाच नोकरी नको होती."

मुंबईत हे शिक्षण तेव्हा काही नवलाचं नव्हतं. सोहराब दावर यांनी तर १९०० सालीच तिथे कॉमर्सचं कॉलेज काढलं होतं. पण फोर्टातल्या ऑफिसांत टाईपरायटरपुढे बसणाऱ्या मुली बहुतेक पारशी, ख्रिश्चन, नाहीतर अँग्लो-इंडियन. आपल्याकडची शिकलेली मुलगी शिक्षिका किंवा नर्स व्हायची, तेही घरच्यांनी होऊ दिलं तर. साहेबासमोर वही-पेन्सिल घेऊन बसायचं, म्हणजे फारच झालं! त्यातून मशीन विलायती. आपल्या देशातला पहिला टाईपरायटर गोदरेजने केला तो १९५५ साली.

माझं तीन महिन्यांचं ज्ञान वहीला पुरेना. मग कोर्टात स्टेनो असलेल्या एका काकांकडे गेले. त्यांनी चष्मा पुसला आणि घडाघडा वाचायलाच लागले. "आपले १४ तारखेचे पत्र पोचले... कापसाच्या गाठी रवाना केल्या आहेत..." पानामागून पान इंग्रजी व्यापारी पत्रं. "बाईंचा हात सुरेख आहे हो," ते म्हणाले. पिटमनमध्ये बारीक रेघ म्हणजे 'प', तीच जाड काढली की 'ब'. पेन्सिलीवरचा दाब जरा चुकला तर अर्थाचा अनर्थ. आत्याआजीचा दाब कुठेच चुकला नव्हता.

शेवटच्या पानावर कापूस नव्हता. तिचंच पत्र होतं, कच्चं. पगार मान्य आहे, सोमवारी सकाळी दहाला हजर होईन. मला भरून आलं. नोकरी नको असलेली बाई असं कशाला लिहील?

त्याखाली एक ओळ होती. तिथे मात्र काका अडखळले. "हे इंग्रजी नाही. द-द-न-च, न-क-र. काही लागत नाही."

मी दोनदा म्हणून पाहिलं आणि अंगावर काटा आला. मराठी होतं ते! शॉर्टहँड उच्चाराप्रमाणे लिहितात, त्याला भाषा कुठली? दादांचा... की दादांची? भरभर लिहिताना स्वर गाळतात. 'दादांची नोकरी' असेल, असं मी लगेच म्हणून टाकलं. दादा म्हणजे माझे आजोबा. मंदीत त्यांची कारकुनी गेली होती आणि १९३४ मध्येच त्यांना पुन्हा नोकरी लागली, हे मला ठाऊक होतं. बहिणीने आनंदाने टिपून ठेवलं असेल. मला सायकल शिकवणारे, माझ्या कॉलेजची फी भरणारे आजोबा! दुसरं काही मला वाचायचंच नव्हतं.

काकांनी वही उजेडात धरली. "हा शेवटचा 'र' बघा. 'र'नंतर स्वर असेल तर तो वर चढवतात, नसेल तर खाली उतरवतात. 'कॅरी'चा चढता, 'कार'चा उतरता. हा उतरता आहे, ताई. 'नोकरी' नाही. 'नकार' आहे."

चूक झाली असेल, मी म्हणाले. त्यांनी न बोलता मागची पानं उलटली. 'र' एकही चुकलेला नव्हता.

बाबा चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांना सांगावं की नाही, यात दिवाळी गेली. त्यांच्या वडिलांबद्दल बोलायचं होतं ना. शेवटी पाडव्याला दुपारी वही त्यांच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. बराच वेळ शेवटचं पान बघत राहिले.

"दर भाऊबीजेला यायची गं ती," म्हणाले. "दादांना ओवाळायला. एक वर्ष चुकवलं नाही."

मग चष्मा नीट करत वही माझ्यापुढे सरकवली. "तो 'र' कुठला म्हणालीस? दाखव बघू पुन्हा."